बोटावरची मोसंबी : शुगरच्या एका वहीची तपासणी

रुग्ण पुरुष, वय ६४. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त, राहणार जेल रोड. टाइप २ मधुमेह अकरा वर्षांपासून, जोडीला रक्तदाब. औषधं : मधुमेहासाठी मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्याआधी, रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि रात्री कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २०. किडनीचा रिपोर्ट चांगला. त्यांच्या फिजिशियननी आहारासाठी माझ्याकडे पाठवलं तेव्हा चिठ्ठीवर एकच ओळ होती : ‘संध्याकाळच्या शुगरचा मेळ लागत नाही, खाण्याची नीट चौकशी करावी.’ ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील मी बदलले आहेत.

काकांबरोबर काकू आल्या होत्या, मुलगा आला होता, एक शंभर पानी वही होती आणि कापडी पिशवीत एक बाटली. बाटलीवर लिंबू, मोसंबी, संत्रं आणि पपनस अशी चार फळं छापलेली. गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनातून जूनमध्ये आणलेला हा ‘लिंबूवर्गीय फळांचा अर्क’, सकाळ-संध्याकाळ तीस-तीस मिलिलिटर. मुलाचं म्हणणं, हा सगळा पैसे उकळायचा धंदा आहे. काकांचं म्हणणं, “मॅडम, रिपोर्ट बघा आणि मग बोला.”

रिपोर्ट खरोखर बरा होता. जूनच्या सुरुवातीला एचबीए१सी ८.६, सप्टेंबरात ७.७. दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत मोजायचं तर साधारण २०० वरून १७४ वर. अकरा वर्षांत गोळ्या वाढल्याशिवाय हा आकडा कधी खाली आला नव्हता. बाटलीला श्रेय मिळालं यात नवल काही नाही.

चिठ्ठी मात्र या रिपोर्टसाठी आलीच नव्हती, ती आली होती गणपतीनंतरच्या एका गुरुवारमुळे. त्या संध्याकाळी पाच वाजता घरच्या ग्लुकोमीटरवर २६८ आले. काका घाबरले. डब्यात जुन्या स्ट्रिपमधली ग्लिमेपिराइडची एक मिलिग्रॅमची गोळी होती, ती मनानेच घेतली, अर्काचं माप दुप्पट केलं आणि ‘शुगर जिरवायला’ फिरायला निघाले. बिटको पॉइंटपर्यंत पोचता पोचता दरदरून घाम, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी. ओळखीच्या मेडिकलवाल्याने बसवलं, तिथल्या मशिनवर पाहिलं तर ५७. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, मग माणूस बोलायला लागला. पाच वाजता २६८ आणि साडेसहाच्या सुमारास ५७. एका छोट्या गोळीने दीड तासात एवढी घसरण होत नाही. दोन्हींपैकी एक आकडा खोटा होता, आणि घाम काही खोटा नव्हता.

वही

मी वही मागितली. प्रेसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाची वही कशी असते ते पाहण्यासारखं होतं. तारीख, वार, वेळ, आकडा, शेरा. खाडाखोड नाही. सकाळी उपाशीपोटीचे आकडे १२८ ते १४५ मधले. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांचे, आठवड्यातून एकदा, १७० ते १९०. या दोन रांगा ७.७ च्या रिपोर्टशी जुळतात. तिसरी रांग संध्याकाळी पाचची : २३१, २५४, २४०, २६८, २१९.

हीच रांग चमत्कारिक. दुपारी दोननंतर काका काही खात नाहीत, चहा बिनसाखरेचा, तोही साडेपाचला. जेवणानंतर दोन तासांनी १८० असलेली साखर पाच वाजता काहीही न खाता २५० होते, हे शरीर सहसा करत नाही. ताप, स्टेरॉइडचं इंजेक्शन, मोठा मानसिक ताण असं काही असतं तर गोष्ट वेगळी. तसं काही नव्हतं. फिजिशियनना चोरून खाण्याचा संशय होता आणि मुलाला तर खात्रीच. काकू एवढंच म्हणाल्या, “घरात फरसाणाचा डबा मीच लपवते, हे खात नाहीत.”

उत्तर वाराच्या रकान्यात होतं. रविवारी १२४. पुढच्या रविवारी १३१. गणेशोत्सवाच्या सुट्टीत सलग ११८, १२६, १३३. शाळा सुरू झाली की पुन्हा २४०. काका तर शाळेत जात नाहीत, मग शाळेच्या दिवशी त्या घरात साडेचार ते पाचमध्ये काय होतं?

नातू येतो. पहिलीतला. येताना त्याला मोसंबी लागते आणि ती सोलायचं काम आजोबांचं. नुसती साल काढून भागत नाही, प्रत्येक फोडीची पातळ साल काढून, बिया वेचून, गर वाटीत द्यायचा. मग आजोबा फडक्याला हात पुसतात, स्पिरिटचा बोळा बोटावर फिरवतात आणि शुगर बघतात. सुट्टीच्या दिवशी नातू आईबापांबरोबर असतो.

मोसंबी फळ म्हणून मी घरात ठेवतेच. एक मागवली, काकांना म्हटलं रोजच्यासारखी सोला. सोलून झाल्यावर फडक्याला हात पुसून चाचणी केली : २३७. त्याच बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवून पुन्हा : १९४. मग बेसिनवर नेलं, साबणाने आणि वाहत्या पाण्याने हात धुतले, कोरडे केले, पहिला थेंब पुसून दुसरा घेतला : १२९. हे सगळं दहा मिनिटांच्या आत. मुलगा स्ट्रिपचा डबा उलटसुलट करून एक्स्पायरी बघत होता. काका बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे ती गोळी मी मोसंबीला दिली.”

यामागचं गणित सोपं आहे. ग्लुकोमीटरच्या पट्टीला अर्धा ते एक मायक्रोलिटर रक्त लागतं. १२० शुगर असलेल्या एक मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज असतं १.२ मायक्रोग्रॅम. संत्र्या-मोसंबीच्या रसात दर शंभर मिलिलिटरमागे दोनेक ग्रॅम ग्लुकोज धरलं तर एका मायक्रोलिटर रसात ते २० मायक्रोग्रॅम होतं. म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढा, मायक्रोलिटरच्या विसाव्या भागाइतका रस थेंबात मिसळला की आकडा जवळजवळ दुप्पट. जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली ‘डायबिटीस केअर’ या नियतकालिकात नेमका हा प्रयोग मांडला होता. मधुमेह नसलेल्या लोकांना संत्रं, द्राक्षं आणि किवी सोलायला लावलं आणि मग बोटाचं रक्त तपासलं. न धुतलेल्या बोटांचे आकडे मधुमेहींसारखे आले, स्पिरिटने पाच-पाच वेळा पुसूनही पुरते उतरले नाहीत, आणि नळाखाली हात धुतल्यावर जागेवर आले. सर्वांत जास्त आकडा फुगवला तो द्राक्षाने. द्राक्षाच्या रसात ग्लुकोज संत्र्याच्या कितीतरी पट असतं, म्हणून. आमच्या दिंडोरी-निफाडकडच्या पेशंटांना मी फेब्रुवारी-मार्चमध्ये हे मुद्दाम सांगते. बागेतून आलेला माणूस, पॅकिंग हाऊसवर दिवसभर घड निवडणारी बाई, आणि घरी आल्यावर शुगर ३४०.

स्पिरिट का पुरत नाही, तर वाळलेली साखर स्पिरिटात फारशी विरघळत नाही, बोळा ती नुसती पसरवतो. आणि बहुतेकांच्या मनात स्पिरिट म्हणजे स्वच्छतेची परिसीमा. दवाखान्यात तेच लावतात ना!

श्रेय कोणाचं

बोटाचा उलगडा झाला, पण बाटलीचा प्रश्न तसाच होता. एचबीए१सी प्रयोगशाळेत, हाताच्या शिरेतल्या रक्तावर झालेली तपासणी. तिच्यावर मोसंबीचा रस सांडत नाही. ८.६ चे ७.७ खरेच झाले होते.

अशा वेळी मी एकच गोष्ट करते. ‘बाटली सुरू केली त्या आठवड्यात अजून काय काय बदललं?’ हा प्रश्न पेशंटला विचारत नाही, घरच्या बाईला विचारते. काकूंनी न थांबता सांगितलं. माहितीपत्रकात लिहिलं होतं की अर्क घेतल्यावर पाऊण तास दूध, चहा, बेकरीचे पदार्थ चालत नाहीत. त्यामुळे सकाळचा दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा आणि त्यात बुडवून खायच्या तीन-चार खाऱ्या बंद झाल्या, कारण पाऊण तासाने थेट पोहे किंवा भाकरी समोर येते. संध्याकाळच्या चहातली साखर गेली. रात्री साडेनऊच्या ऐवजी आठला जेवण, कारण अर्क जेवणाआधी तासभर घ्यायचा आणि काकांना दहाला झोपायचं असतं. सकाळी बाटली घ्यायची म्हणून मेटफॉर्मिनची पट्टी बाटलीशेजारी आली. “पूर्वी रात्रीची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा राहायचीच,” काकू म्हणाल्या, “आता अर्कावर एवढा पैसा घातलाय म्हटल्यावर काहीच राहत नाही.” शिवाय जुलैपासून मित्रमंडळींबरोबर सकाळचं फिरणं.

खाऱ्या आणि दोन वेळच्या चहातली साखर मिळून दिवसाला पन्नासएक ग्रॅम पिठूळ-गोड कर्बोदकं कमी झाली असावीत, आणि तीही सकाळी, जेव्हा मधुमेहींची साखर तशीही चढत असते. चुकणारी मेटफॉर्मिन नियमित झाली. चालणं आलं. यातली कुठलीही दोन कारणं ०.९ च्या घसरणीला पुरेशी आहेत. बाटलीने काम केलं हे मी नाकारत नाही, तिने घरात शिस्त आणली. शिस्त लावायला दरमहा दोन बाटल्यांचा खर्च करावा का, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न.

बाटलीत काय असतं

मुलाला वाटत होतं की मी आता ‘लिंबूवर्गीय फळांत काहीच नसतं’ असं म्हणेन. तसं म्हणता येत नाही. या फळांच्या सालीत आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं भरपूर असतात. मोसंबी-संत्र्यात हेस्पेरिडिन, पपनस आणि ग्रेपफ्रूटमध्ये नॅरिंजिन (पपनसाचा कडवटपणा त्याचाच), लिंबात एरिओसिट्रिन, संत्र्याच्या सालीत नोबिलेटिन. प्रयोगशाळेत यांनी बरंच काही करून दाखवलं आहे. परीक्षानळीत ती पिष्ट पचवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) अडवतात. २००४ साली कोरियात मधुमेही उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात हेस्पेरिडिन आणि नॅरिंजिनमुळे यकृताचं साखर तयार करण्याचं काम मंदावलं आणि रक्तातली साखर उतरली.

उंदरापासून जेल रोडपर्यंतचा रस्ता मात्र लांब आहे. हेस्पेरिडिन लहान आतड्यात जवळजवळ शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला जोडलेली साखरेची शेपटी तोडतात, मग थोडं आत जातं, आणि कोणाच्या पोटात कोणते जिवाणू आहेत यावर ते किती जाणार हे ठरतं. एकाच अर्काचा दोन भावांवर वेगळा परिणाम झाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. माणसांवर हेस्पेरिडिनच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांचे साखरेबाबतचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

माणसांवरचा त्यातल्या त्यात नीट झालेला अभ्यास ब्राझीलचा आहे, २०१९ मधला, साओ पावलो राज्य विद्यापीठातल्या गटाचा. शंभरावर माणसं, बारा आठवडे, लिंबाच्या एरिओसिट्रिनने समृद्ध अशा प्रमाणित अर्काचे २००, ४०० किंवा ८०० मिलिग्रॅम, आणि तुलनेसाठी एका गटाला निव्वळ दिखाऊ कॅप्सूल. उपाशीपोटीची साखर सुमारे पाच टक्क्यांनी उतरली, एचबीए१सी सुमारे दोन टक्क्यांनी. इथे जाहिरातवाले हातचलाखी करतात. दोन टक्क्यांनी म्हणजे ८ चे ६ नव्हे. ६.० चे दोन टक्के ०.१२, म्हणजे ६.० चे ५.९ झाले. आणि ती सगळी माणसं पूर्वमधुमेही, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची होती, अकरा वर्षं गोळ्या खाणारी नव्हती. जास्त मात्रेने जास्त फायदाही झाला नाही, २०० मिलिग्रॅमने जे झालं तेच ८०० ने. काकांनी गुरुवारी माप दुप्पट केलं होतं, म्हणून हे त्यांना वेगळं सांगितलं.

आता काकांची बाटली. मी ती उजेडात धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, भिंग घेऊन. समोर मोठ्या अक्षरांत ‘फ्लेव्होनॉइड्सने परिपूर्ण’. मागे घटकांत चार फळांच्या सालींचा अर्क, पाणी, सॉर्बिटॉल, परिरक्षक. कोणतं फ्लेव्होनॉइड, तीस मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, एक अक्षर नाही. ज्या अर्काचा अभ्यास झाला तो आणि हा एकच आहे असं मानायला काहीही आधार नाही. “पण पोट रोज छान साफ होतं,” काका म्हणाले. ते सॉर्बिटॉलमुळे होत असणार, ते रेचक आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक होता, आणि मुलगाही त्याच्यापाशी थोडा अडखळला. तो परवाना खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्याचा असतो. मधुमेहावर गुण येतो याची ती पावती नव्हे. सोबतच्या माहितीपत्रकावर ‘शुगर मुळापासून’ असे शब्द होते. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. तो बरा करण्याचा दावा जाहिरातीत करताच येत नाही. बाटलीवर तो दावा नव्हता, फक्त पत्रकावर होता. पत्रकावर छापणाऱ्याचं नावही नव्हतं. हे लोक कायदा वाचत नाहीत असं कोण म्हणेल?

लिंबाच्या रसाबद्दल एक गोष्ट मला स्वतःला आवडते. फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने दहा निरोगी माणसांना पावाबरोबर कधी पाणी, कधी काळा चहा, कधी लिंबाचा रस दिला. रसाबरोबर साखरेचं शिखर सुमारे ३० टक्क्यांनी खाली आलं आणि अर्ध्या तासाहून जास्त उशिरा आलं. कारण फ्लेव्होनॉइड नसून आंबटपणा असावा, असं त्यांचं म्हणणं. तोंडातल्या लाळेचं पिष्ट पचवणारं विकर पोटात पोचल्यावरही काही काळ काम करत राहतं, आम्लाने ते लवकर थांबतं. अर्थात त्यांनी पेलाभर रस पाजला होता, आपण वरणभातावर पिळतो ती अर्धी फोड. तेवढ्याने ३० टक्के मिळणार नाहीत. तरी वरणभात, मिसळ, पोहे यांवर लिंबू पिळणं ही आपली सवय चांगलीच आहे, फुकटची आहे आणि तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही. दातांचं एनॅमल झिजलेलं असेल तर मात्र रोज सकाळी कोमट लिंबूपाण्याच्या गुळण्या केल्यासारखं पिऊ नये, एवढंच.

आणि रस. काकांना उन्हाळ्यात दत्तमंदिर चौकात मोसंबी ज्यूस घ्यायची सवय होती, ‘बिनसाखरेचा’. एका मोठ्या ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात, चोथा गाळणीत राहतो आणि वीस-पंचवीस ग्रॅम साखर पोटात. एक मोसंबी चावून खावी, ग्लास पिऊ नये. अपवाद गुरुवारच्या प्रसंगाचा. शुगर सत्तरच्या खाली गेली तर अर्धा-पाऊण ग्लास रस हेच औषध आहे, आणि त्या वेळी चोथा नसलेलाच बरा.

पपनस

या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित बाब पपनसाची. काकांनी सहज सांगितलं की ऑगस्टपासून पोटऱ्या दुखतात, चालणं वाढल्यामुळे असेल. असेलही. पण बाटलीत पपनसाच्या सालीचा अर्क, आणि गणपतीच्या आधीपासून घरात पपनस आणून रोज संध्याकाळी दोन-तीन फोडी, कारण दुकानदाराने सांगितलं की ‘शुगरला पपनस सर्वांत भारी’.

१९८९ मध्ये कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन ही रक्तदाबाची गोळी आणि दारू यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तात औषधाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. दोषी दारू नव्हती, रस होता. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमरिन नावाची द्रव्यं आतड्याच्या भिंतीतलं एक विकर, सीवायपी३ए४, निकामी करतात. अनेक औषधं रक्तात शिरण्याआधी हे विकर त्यांचा काही भाग मोडतं. ते बंद पडलं की तीच गोळी जणू मोठ्या मात्रेची होते, आणि नवीन विकर तयार होईपर्यंत, म्हणजे दिवस-दोन दिवस, परिणाम टिकतो. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोड संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ, त्यामुळे हा गुण त्याला वारशाने मिळालाय. पपनसाच्या अनेक वाणांत ही द्रव्यं आहेत आणि सालीत गरापेक्षा जास्त.

काकांच्या यादीत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन याच वाटेने मोडतं, आणि स्टॅटिनचं प्रमाण वाढलं की स्नायू दुखू शकतात. अ‍ॅम्लोडिपिनवर परिणाम किरकोळ. मेटफॉर्मिन मोडलंच जात नाही, किडनीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. ग्लिमेपिराइडचं विकर वेगळं. म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांना पपनसाचा धक्का नाही, तो बसतो कोलेस्टेरॉलच्या गोळीला, जिच्याकडे या सगळ्या गडबडीत कोणाचंच लक्ष नव्हतं. हे मी फिजिशियनना फोन करून कळवलं. त्यांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) तपासलं, मर्यादेत आलं. तरी त्यांनी गोळी बदलून रोझुव्हास्टॅटिन दिली, जिला हे विकर लागत नाही. पोटऱ्या दोनेक आठवड्यांत थांबल्या. पपनस आणि बाटली त्याच सुमारास बंद झाली होती आणि पायांना चालण्याची सवयही झाली होती, तेव्हा कशाने थांबल्या ते कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही.

काय ठरलं

ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी निम्मी केली. पाचच्या खोट्या आकड्यांवरून ती वाढवायचा त्यांचा विचार चालला होता, हे मला फोनवर कळलं. जुनी उरलेली पट्टी काकूंनी ताब्यात घेतली. संध्याकाळची चाचणी बंद करून त्या जागी आठवड्यातून दोनदा रात्रीच्या जेवणाआधीची ठेवली, हात धुऊन. वहीत काकांनी स्वतःहून एक नवा रकाना आखला : ‘हात – होय/नाही’.

बाटलीबद्दल मी बंदी घातली नाही. बंदी घातली की माणूस चोरून घेतो आणि मग वही खोटी होते. म्हटलं, उरलेली बाटली बाजूला ठेवा, बाकी सगळं तसंच चालू ठेवा : खारी नाही, आठला जेवण, गोळ्या वेळेवर, चालणं. तीन महिन्यांनी एचबीए१सी बघू. डिसेंबरात तो ७.५ आला. यावरून अर्क निरुपयोगी होता हे सिद्ध होत नाही, कारण मधे एक गोळी निम्मी झाली, एक बदलली आणि दिवाळीही झाली. पण अर्काशिवाय आकडा वर गेला नाही, आणि काकांना निर्णय घ्यायला तेवढं पुरलं. उरलेली बाटली त्यांनी कोणाला दिली ते मी विचारलं नाही.

काकूंचं प्रकरण मात्र अजून चालू आहे. काकांच्या तपासणीबरोबर त्यांचंही रक्त दिलं होतं, एचबीए१सी ६.०. पूर्वमधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीचे २०२३ चे आकडे बघितले तर देशात मधुमेही १०.१ कोटी आणि पूर्वमधुमेही १३.६ कोटी, म्हणजे काकूंच्या रांगेतली माणसं काकांच्या रांगेपेक्षा जास्त. ब्राझीलचा अभ्यास ज्या लोकांवर झाला ते अगदी काकूंसारखे. घरात अर्क तीन महिने होता, त्या काळात त्यांना एक चमचाही कोणी दिला नव्हता, आणि त्यांनीही मागितला नव्हता. “महागाचा आहे, यांनाच पुरू दे.”

मी त्यांना अर्क सुचवला नाही. ६.० चे ५.९ करायला बाटली घेण्यापेक्षा चेन्नईच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाने २००६ मध्ये दाखवलेला रस्ता जास्त भरवशाचा आहे. आहार आणि चालणं यांनी तीन वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता २८.५ टक्क्यांनी घटली, आणि मेटफॉर्मिनने साधारण तेवढीच. काकूंची अडचण वेळेची होती. सकाळी डबे, दुपारी झोप लागत नाही, साडेचारला नातू. मग साडेचार ते सव्वापाच नातू आणि मोसंबी काकांकडे, आणि काकू जेल रोडवरच्या मैत्रिणीबरोबर बाहेर, असं मुलाने ठरवून दिलं. पहिल्या आठवड्यात त्या दोनदाच गेल्या.

जाताना काकूंनी विचारलं, लिंबाचं गोड लोणचं चालेल का, उपवासाला करतात ते. मी प्रमाण विचारलं. त्या म्हणाल्या, वाटीभर फोडींना दीड वाटी साखर. नुसतं त्यात लिंबू आहे म्हणून ते चालेल असं नव्हतं. तिखटमिठाचं साधं लोणचं जेवणात एक फोड, असं लिहून दिलं, आणि रक्तदाबामुळे काकांच्या पानात तेही नको.